फ्रॉम_बाइट्स आणि टू_बाइट्स : सात महिने वापरल्यावर

पायथॉन ह्या प्रोग्रामिंग भाषेतल्या दोन फंक्शनचा कुणी रिव्ह्यू लिहितं का, असं घरी विचारून झालंय. फ्रॉम_बाइट्स बाइटचा आकडा करतं, टू_बाइट्स आकड्याचे परत बाइट, एवढंच त्यांचं काम. पण सात महिने ही दोन फंक्शनं रोज हाताखालून गेली आणि त्यांच्यापायी मी एकदा द्राक्षबागेतल्या पंपशेडच्या पत्र्यावर चढून अँटेना फिरवत बसलो होतो, त्यामुळे लिहायचा हक्क आपला आहे असं समजतो.

काम काय होतं ते आधी. नाशिककडच्या बागांमध्ये जमिनीतला ओलावा आणि तापमान मोजणारे बारा नोड, म्हणजे रेडिओ असलेली छोटी यंत्रं, बसवलेले आहेत. ते आमचे नाहीत, आधी कुणीतरी बसवून गेलेलं, आम्हाला मिळाला त्यांचा सी भाषेतला कोड, की (म्हणजे एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली), आणि 'चालतंय, हात लावू नका' एवढा निरोप. नोडवर एटमेगा ३२८पी चिप, म्हणजे ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम, म्हणून बहुतेक त्यांनी एन्क्रिप्शनला, म्हणजे डेटा गुप्त करायला, एक्सटीईए हा छोटा सायफर घेतला असावा. डेव्हिड व्हीलर आणि रॉजर नीडहॅम ह्या केंब्रिजच्या दोघांनी १९९४ मध्ये टीईए काढला आणि त्यातल्या फटी बुजवून १९९७ मध्ये एक्सटीईए. ६४ बिटचा ब्लॉक, १२८ बिटची की, ६४ राउंड, आणि सगळा कोड पोस्टकार्डावर मावेल एवढा. आजच्या हिशोबाने ते प्रकरण कच्चं आहे हे मलाही कळतं, पण शेतात गाडलेले नोड बदलायचे पैसे कुणी देत नव्हतं. माझं काम गेटवेवरचं, म्हणजे नोडचं ऐकणाऱ्या रास्पबेरी पाय ह्या छोट्या कॉम्प्युटरवर पायथॉनमध्ये पॅकेट उघडायचं आणि नोडला पोच परत पाठवायची, तीही एन्क्रिप्ट करून.

आता ब्लॉक सायफरची (ठरावीक मापाचे तुकडे घेऊन एन्क्रिप्ट करणारा सायफर) गंमत अशी की रेडिओवरून येतात ८ बाइट, आणि सायफरच्या आत बेरीज, शिफ्ट (बिट सरकवणं), एक्सऑर (बिटला बिट ताडून बघणं) चालतं ते ३२ बिटच्या दोन आकड्यांवर. म्हणजे बाइटचे आकडे करायचे, दळायचे, आकड्यांचे परत बाइट करायचे. सगळ्यांचं लक्ष दळण्यावर असतं, मी रडलोय ते आधीच्या आणि नंतरच्या पायरीवर.

कोणता बाइट आधी, हा प्रश्न आपल्याला खरं तर लहानपणापासून माहितीये. २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधी. मोठा भाग आधी तो बिग-एंडियन, लहान आधी तो लिटल-एंडियन, म्हणजे आपण लिहिताना बिग, बोलताना लिटल. आणि एकशे पंचवीस म्हणताना तर शंभर, मग पाच, मग वीस, म्हणजे जुन्या पीडीपी-११ मशीनवर ३२ बिटचा आकडा जसा मधूनच उलटा ठेवायचे तसली तऱ्हा. ००, ००, ०१, ०० हे चार बाइट बिग-एंडियनने वाचले तर २५६ आणि लिटलने वाचले तर ६५५३६. दोन्ही बरोबर, फक्त समोरच्याने कसं लिहिलं ते माहीत पाहिजे.

आणि एक्सटीईएच्या मूळ कोडमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नाही! तो फंक्शनच्या दारात थेट ३२ बिटचे आकडेच मागतो, बाइटचे आकडे कसे करायचे ते तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे जगात दोन एक्सटीईए नांदतायत. की सगळी शून्य आणि ब्लॉकही सगळा शून्य दिला तर बाउन्सी कॅसलसारखी बिग-एंडियन लायब्ररी हेक्समध्ये (एक बाइट दोन अंक-अक्षरांत लिहायची पद्धत) उत्तर देते डीई ई९ डी४ डी८ एफ७ १३ १ई डी९, आणि लिनक्स कर्नलचा एक्सटीईए लिटल-एंडियन असल्याने तिथे तेच उत्तर येतं डी८ डी४ ई९ डीई डी९ १ई १३ एफ७. नीट बघा, चार-चार बाइटचे तुकडे उलटे केलेत, बाकी काही फरक नाही. मला हे पहिल्या दिवशी माहीत असतं तर हा रिव्ह्यू अर्ध्यात संपला असता.

मी सुरुवातीला सगळीकडे बिग लिहिलं, कारण वाचायला सरळ वाटतं. स्वतःच एन्क्रिप्ट केलं, स्वतःच डिक्रिप्ट केलं, मूळ मजकूर परत आला, टेस्ट हिरव्या, मी खूश. ह्या टेस्टवर माझा आता काडीचा विश्वास नाही. जाताना जी चूक करता तीच येताना करता, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि टेस्ट पास होते. नोडचं खरं पॅकेट आल्यावर कचरा. मग सी कोड उघडला तर त्या भल्या माणसाने बाइटच्या बफरवर सरळ ३२ बिटचा पॉइंटर टाकून वाचलंय, आणि एव्हीआरचा (एटमेगा ज्या घराण्यातली चिप आहे ते) कंपायलर लिटल-एंडियन, म्हणजे नोड लिटल. ठीक आहे, मी बिग पुसून लिटल लिहिलं. तरी कचरा.

का, तर मी आळशीपणा करून आठही बाइटचा एकच ६४ बिटचा आकडा करत होतो आणि वरचे ३२ बिट म्हणजे पहिला अर्धा असं धरत होतो. बिगमध्ये ते बरोबर आहे. लिटलमध्ये पहिले चार बाइट खालच्या अर्ध्यात जातात, म्हणजे दोन्ही अर्धे अदलाबदल झाले. मला हे कळलंच नाही, मला वाटलं एंडियनचा प्रॉब्लेमच नाहीये, आणि दीड दिवस की चुकीची दिली म्हणून त्या लोकांच्या नावाने बोटं मोडली. नंतर चार-चार बाइट वेगळे वाचले, तरी कचरा, कारण १६ बाइटच्या कीचेही चार आकडे करावे लागतात आणि ते अजून बिगमध्येच होते. की, आत येणारा ब्लॉक, बाहेर जाणारा ब्लॉक, तीन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, आठ जोड्या, त्यातली एक बरोबर. मी सहाव्यावर पोचलो.

मग ह्यात फंक्शनचं चांगलं काय? ती तुम्हाला विचारतात. पायथॉन ३.२ पासून ही दोन्ही आहेत आणि इतकी वर्षं त्यांना 'बिग' की 'लिटल' हे सांगावंच लागायचं, न सांगता चालायचीच नाहीत. सी मध्ये तो पॉइंटर टाकणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही, मशीनचं जे असेल ते त्याच्या गळ्यात पडलं. आणि म्हणूनच पायथॉन ३.११ मध्ये त्यांनी हा पर्याय न दिल्यास बिग धरायचं ठरवलं ते मला अजिबात पटलेलं नाही. एक-दोन बाइटच्या किरकोळ कामाला सोय झाली असेल, पण सायफर कोडमध्ये तो प्रश्न हाच सगळ्यात मोलाचा होता. आमच्याकडच्या नव्या मुलाने लॅपटॉपवर, जिथे ३.११ होतं, ऑर्डर न देता कोड लिहिला, मस्त चालला, आणि गेटवेवर ३.९ होतं तिथे टाइप एरर देऊन आपटला. तो म्हणाला, दादा गेटवे अपग्रेड करूया. म्हटलं थांब जरा, त्या जुन्या पायथॉनने आपल्याला वाचवलंय. आता आमच्याकडे ऑर्डर न लिहिलेला कोड रिव्ह्यूत पास होत नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे टू_बाइट्स लबाडी खपवून घेत नाही. पायथॉनच्या इंटिजरला मर्यादा नाही, त्यामुळे ३२ बिटच्या पुढे गेलेलं आपोआप कापलं जात नाही, मास्क (वरचे नको ते बिट पुसणं) आपणच मारायचा. विसरलात आणि चार बाइट मागितलेत तर तो ओव्हरफ्लो एरर देतो, गुपचूप कापून देत नाही. डिक्रिप्ट करताना वजाबाकी होते, आकडा ऋण होतो, तिथेही मास्क विसरलात तर तेच. मी आधी घाबरून प्रत्येक ओळीवर मास्क मारला होता आणि कोड वाचवत नव्हता. मग कागदावर बघितलं तर बेरीज, एक्सऑर, डावा शिफ्ट ह्यांच्यात खालचे ३२ बिट वरच्या कचऱ्याने बिघडत नाहीत, बिघडतो फक्त उजवा शिफ्ट, कारण तो वरचा कचरा खाली ओढतो. म्हणजे उजव्या शिफ्टला जाणारा आकडा स्वच्छ असला की पुरे. एक्सटीईएच्या प्रत्येक राउंडच्या शेवटी एक मास्क, झालं काम.

आता अँटेना. नोव्हेंबरात नोड अधूनमधून तेच पॅकेट परत परत पाठवायला लागले, म्हणजे त्यांना पोच मिळत नव्हती. बारा नोड, दर पंधरा मिनिटांनी एक ब्लॉक, दिवसाचे ११५२ ब्लॉक, त्यातले चार-पाच फसायचे. इतकं थोडं फसतंय म्हणजे रेडिओचाच दोष, वेलींना पानं भरलीत, सिग्नल अडतोय, असं मीच सगळ्यांना छातीठोक सांगितलं. शेतकरी काका खालून शिडी धरून उभे, मी पत्र्यावर. काही फरक नाही. शेवटी घरी येऊन लॉग नीट बघितला तर फसलेल्या प्रत्येक पोचेची लांबी आठऐवजी सात बाइट.

पोच पाठवायच्या कोडमध्ये मी लांबी मोजायला 'बिट_लेंग्थ अधिक ७, भागिले ८' हे सूत्र वापरलं होतं, पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणात असतं ते. साध्या आकड्याला ते बरोबर आहे, पण सायफरटेक्स्ट म्हणजे रँडम दिसणारा आकडा, त्याचा सगळ्यात वरचा बाइट दर २५६ ब्लॉकमागे सरासरी एकदा शून्य येणारच, आणि सूत्राच्या मते शून्याला जागा कशाला हवी. ११५२ ला २५६ ने भागा, साडेचार. माझे चार-पाच! म्हणजे लॉगमधला तो आकडाच उत्तर ओरडून सांगत होता आणि मी पाना घेऊन पत्र्यावर होतो. ब्लॉक सायफरमध्ये लांबी मोजायची नसते हो, ती ठरलेली असते, सरळ ८ लिहा. हेक्स स्ट्रिंग करून बाइट बनवणाऱ्यांनाही हाच रोग लागतो, त्यांचा तर सुरुवातीचा एकच अंक शून्य आला तरी विषम अंक होऊन एरर येतो, पण निदान एरर येतो म्हणजे लवकर कळतं.

बाकी भाषांचं थोडक्यात. आमचा सर्व्हर जावात आहे, तिथे बाइट साइन्ड, म्हणजे ऋणही होऊ शकणारा, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी २५५ चा मास्क, विसरलं की ऋण आकडे. बाइटबफर न सांगता बिग धरतो. बिगइंटिजर तर वरचा बिट १ असेल तर चिन्हासाठी एक जादा बाइट देतो, म्हणजे आठाचे नऊ. सी मध्ये ८ बिटच्या एटमेगावर इंट १६ बिटचाच असतो, १२८ किंवा त्यावरच्या बाइटला आठने डावीकडे सरकवलं की चिन्हाच्या बिटवर जातं आणि ३२ बिटच्या आकड्यात मिसळताना वर सगळे एक भरले जातात. हसू नका, ह्याच जातीच्या साइन एक्सटेन्शनच्या चुकीने २०११ मध्ये पासवर्डचे हॅश बनवणारी क्रिप्ट_ब्लोफिश लायब्ररी अडकली होती, आठवा बिट असलेली अक्षरं पासवर्डमध्ये आली की हॅश चुकीचा बनायचा आणि पासवर्ड कमकुवत व्हायचा, ती लायब्ररी पीएचपीमध्येही होती. हॅशच्या सुरुवातीला २वाय दिसतं ना कधी कधी, ते तेव्हापासूनचं.

पायथॉनचंच स्ट्रक्ट मॉड्यूल का नाही वापरलं असं म्हणाल तर आता तेही वापरतो. दोन आकडे एका दमात निघतात, ब्लॉकसाठी तेच बरं. फक्त पुढे लहान-मोठेचं चिन्ह (< किंवा >) लिहाच, नाहीतर तो मशीनच्या मापाने जातो, आणि 'एल' (लाँग आकडा) हे ६४ बिट लिनक्सवर आठ बाइट आणि विंडोजवर चार. पण स्ट्रक्टची झेप ६४ बिटपर्यंत. पुढच्या नोडसाठी एईएस हा सध्याचा नेहमीचा सायफर घेतलाय, त्याच्या काउंटर मोडमधला काउंटर १६ बाइटचा, तिथे फ्रॉम_बाइट्स बिगने वाचायचं, एक मिळवायचा, टू_बाइट्सने १६ बाइट लिहायचे, तीन ओळी. डिस्क एन्क्रिप्शनच्या एक्सटीएस मोडमध्ये मात्र सेक्टर नंबर लिटल-एंडियन, म्हणजे एईएस घेतलं म्हणून सुटका नाही, दर मोडला कागद उघडून बघायचंच.

टेस्टचं एकच सांगतो, शून्यांचा किंवा ४१ ४१ ४१ असा एकसारखा ब्लॉक देऊन इनपुटची ऑर्डर कळत नाही, उलटा केला तरी तोच. ००, ०१, ०२ असा चढता ब्लॉक आणि चढती की घ्या, आणि उत्तर दुसऱ्या कुणाच्या कोडकडून आणा. मी तर नोडवरून पकडलेली खरी पाच पॅकेट फाइलमध्ये ठेवलीत, तीच माझी टेस्ट.

जानेवारीत सगळं सुरळीत चालू असताना सकाळी सहाला काकांचा फोन, म्हणाले साहेब, थंडीने आम्ही रात्रभर शेकोट्या पेटवतोय आणि तुमचं मशीन सांगतंय बागेत ६४२६.६ अंश. तापमानाचा सेन्सर वायरीतून निसटला होता, तसं झालं की नोडवरची लायब्ररी उणे १२७ देते, आम्ही अंशाचे दहा भाग करून १६ बिटमध्ये पाठवतो, म्हणजे उणे १२७०, आणि ते मी साइन्ड न सांगता वाचलं तर ६४२६६. सायफर, की, ऑर्डर सगळं बरोबर होतं. फ्रॉम_बाइट्सला साइन्ड ट्रू एवढंच सांगायचं राहिलं होतं, आणि हा पर्याय मात्र पहिल्यापासून न सांगता फॉल्सच असतो. फोन ठेवताना काका म्हणाले, नीट करून ठेवा, नातवाला स्क्रीनशॉट पाठवलाय, तो हसतोय.