जँगो सर्व्हरवर चढवताय? मॉड डब्ल्यूएसजीआय की गनिकॉर्न

जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क) वापरून केलेला, लॅपटॉपवर सुरळीत चालणारा प्रोजेक्ट सर्व्हरवर गेला की 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणून अडून बसतो. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल, रिक्वायरमेंट्सच्या यादीत राहून गेलेलं पॅकेज ही कारणं मॉड डब्ल्यूएसजीआय (अपाची या वेबसर्व्हरच्या आत पायथन चालवणारं मॉड्यूल) आणि गनिकॉर्न (पायथनची साइट चालवणारा स्वतंत्र सर्व्हर) दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती सोडतो. खरा फरक आहे तो पायथन कुणाच्या ताब्यात आहे, यात.

टिळक रोडवरच्या एका क्लासची ॲडमिशनची साइट मी अपाचीवर मॉड डब्ल्यूएसजीआय लावून चालवली. त्यांचं जुनं पीएचपीचं काम त्याच सर्व्हरवर होतं, त्यामुळे वेगळी सर्व्हिस सांभाळायची गरज नव्हती. एकदा बसलं की ते बिनबोभाट चालतं, हे मान्यच.

अडतं ते अपग्रेडला. मॉड डब्ल्यूएसजीआय ज्या पायथनसाठी कंपाइल झालंय, त्यालाच बांधलेलं असतं. उबुंटू २२.०४ वर एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज इन्स्टॉलरने) घेतलं की ते ३.१० चं येतं, आणि जँगो ६.० ला किमान ३.१२ लागतं. तुम्ही ३.१२ ची व्हेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन आणि पॅकेजं ठेवायचं फोल्डर) करता, कॉन्फिगमध्ये पायथन-होमला तिचा पत्ता देता, तरी अपाचीच्या आत ३.१० च चालतं. ते पॅकेजं शोधतं 'पायथन ३.१०' नावाच्या फोल्डरमध्ये, जो त्या व्हेन्वमध्ये नसतोच. लॉग म्हणतो जँगो नाही. पिप लिस्ट (पायथनच्या बसवलेल्या पॅकेजांची यादी) म्हणते, आहे की! शेलमध्ये इम्पोर्टही बिनतक्रार होतं. मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त वैताग आला. पिपने मॉड डब्ल्यूएसजीआय आपल्या पायथनवर बांधून घेता येतं, पण पायथन बदललं की पुन्हा तेच.

गनिकॉर्न व्हेन्वच्याच बिन फोल्डरमधून चालतं, म्हणजे पॅकेजं जिथे टाकली तोच पायथन. तिथे प्रोजेक्ट सापडला नाही, तर बहुतेक वेळा सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालू ठेवणारी लिनक्सची यंत्रणा) फाइलमधली वर्किंग डिरेक्टरी चुकलेली असते. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने चालवलं की ट्रेसबॅक (एरर कुठे आला त्याचा माग) समोर येतो. गनिकॉर्नच्या पुढे लावायच्या इंजिनएक्स या वेबसर्व्हरची मांडणी आणि दोघांना जोडणाऱ्या सॉकेटच्या परवानग्यांपायी दिसणारा ५०२ चा एरर हा त्रास आहेच, पण तो निदान शोधता येतो.

अपाची आधीपासून असेल आणि डिस्ट्रोचा (लिनक्ससोबतच आलेला) पायथन पुरत असेल, तर मुद्दाम हलवू नका. नवं काम असेल तर मी तरी गनिकॉर्नच घेईन. ठरवायच्या आधी डब्ल्यूएसजीआयच्या फाइलमध्ये, जँगोच्या इम्पोर्टच्या वर, सिस व्हर्जन (कोणतं पायथन) आणि सिस प्रीफिक्स (कुठल्या फोल्डरमधलं) एरर लॉगमध्ये छापून बघा.