फियाट आणि अँबेसेडर: दोन बंद गाड्या एकत्र विकायच्या की वेगवेगळ्या?

आमच्या बडोद्यातल्या कारेलीबागच्या घरी मामांच्या दोन गाड्या कित्येक वर्षं उभ्या होत्या, एक 1968ची फियाट 1100 डिलाइट आणि एक 1984ची अँबेसेडर मार्क 4, दोन्ही पेट्रोल, दोन्ही बंद. मामा गेल्यावर मामी म्हणाली, काढा आता त्या, पावसाळ्यात खाली काय येऊन बसतं कळत नाही (बडोद्यात हे गमतीने म्हणायची सोय नाही, विश्वामित्रीतल्या मगरी सगळ्यांनी पाह्यल्यात). तुमच्याकडेही अशी जोडी असेल तर मला जे कळलं ते असं.

दिसण्यावर जाऊ नका. बघायला येणारा आधी अँबेसेडरकडेच जायचा, पांढरा रंग बऱ्यापैकी टिकलेला, बंपरला चमक. फियाट बिचारी एक हेडलाइट नसलेली, सीटमधून काथ्या बाहेर. पण 2024च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा फियाट ओट्यावर होती आणि अँबेसेडर खाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यावर हँडलच्या चार बोटं खाली अजून गाळाची रेघ दिसते, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचलून स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो खारी बिस्किटात जावा तसा आत गेला. अँबेसेडरला वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीवरच, त्यामुळे सडलेला फ्लोअर म्हणजे नुसतं पॅच मारायचं काम नाही. फियाटचंही तेच, पण तिचा खालचा पत्रा वाजवून बघितला तर टणक.

पार्ट्सचं मात्र उलटं आहे. अँबेसेडर उत्तरपाड्याला 2014पर्यंत बनत होती, तिचं इंजिनचं सामान मिळून जातं. फियाटचंही आतलं बरंचसं प्रीमियर पद्मिनीचं (हिच्याच पुढच्या मॉडेलचं) चालतं, पण डिलाइटची ग्रील, टेललाइटची काच, बीडिंग (बॉडीवरच्या चकचकीत पट्ट्या) हे शोधताना घाम फुटतो, म्हणून निघालेला एकही तुकडा फेकू नका, पोत्यात भरून गाडीबरोबरच द्या.

कागदात खरा फरक आहे. 2021च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, नवीन रजिस्ट्रेशनला 20,000 फी, नंबरात व्हीए येतं, रोज वापरता येत नाही. फियाट त्यात बसते, अँबेसेडरला 2034 उजाडेल. म्हणून एका मिस्त्रीने फियाटमध्ये डिझेल इंजिन टाकून देतो, लगेच विकली जाईल असं सांगितलं तेव्हा मी हातच जोडले. साध्या आरसीवरच ठेवायची तर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी रिन्युअल, आणि 20 वर्षांवरच्या कारला ती फी आता 10,000 आहे, हे घेणाऱ्याला माहीत असतं आणि तो तेवढे कापूनच भाव सांगतो. आणि हो, गाडी गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करा, आमचे पहिले दोन महिने त्यातच गेले.

डेंटिंग-पेंटिंग करून विकावी का? मला सव्वादोन लाख सांगितले होते, एका गाडीचे! शिवाय ताजा रंग दिसला की जाणकार माणूस आधी पुटी (पत्र्यावरचे खड्डे भरायचा लेप) शोधतो. त्यापेक्षा टाकी साफ, नवी बॅटरी आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवीन, आताचं इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला खातं. एवढ्यावर फियाट सुरू झाली, निळा धूर काढत का होईना, आणि त्या व्हिडिओनंतर चौकश्यांचा सूरच बदलला. अँबेसेडरवर एक रुपया घातला नाही.

भंगारात द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरलाच, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिली तर गाडी जाते पण नंबर तुमच्या नावावर जिवंत राहतो.

आता मुख्य प्रश्न. जोडी घ्यायला एक दलाल आला, दोन्हींचे मिळून एक लाख दहा. "छेल्लो भाव शुं?" (शेवटचा भाव काय?) त्याने तीन वेळा विचारलं. त्याचा डोळा फियाटवर आणि अँबेसेडर तो किलोच्या भावात धरत होता. वेगळ्या विचारल्या तर फियाटलाच पंचाण्णव आणि अँबेसेडरला चाळीस. म्हणजे पंचवीस हजारांचा फरक, पण त्यासाठी प्रत्येक रविवारी कोणीतरी येणार, फोटो काढणार, चहा पिणार, लक्ष्मी विलास पॅलेसवर 2023च्या जानेवारीत झालेल्या व्हिंटेज शोच्या गप्पा मारणार आणि निघून जाणार. घर बिल्डरला द्यायचंय, तारीख ठरलीय, तर जोडीच द्या, डोकं शांत राहील. वेळ असेल तर वेगवेगळ्या.

आणि वेगळ्या विकायच्या तर अँबेसेडर आधी. मी उलटं करणार होतो, बरी गाडी पटकन जाईल म्हणून, पण लोक येतात ते फियाट बघायलाच, ती गेली की सडक्या अँबेसेडरसाठी कोण कारेलीबागेत येतंय? आमची अँबेसेडर पादरा गावातल्या एकाने नेली, त्याच्याकडे तसलीच एक आहे, दारं आणि इंजिन तिला लावणार. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून त्याच्या हातात दिले नाहीत, आरटीओचं काम त्याला बरोबर घेऊन स्वतःच केलं, आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून घेतली, सकाळी 11.20.