स्पिटफायरच्या पत्र्याचं घड्याळ: दहा महिने आणि एक बेळगावी पावसाळा

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तारखेच्या खिडकीच्या कडेला रव्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला, म्हणून हे लिहायला घेतलं. तोवर तक्रार नव्हती. ४० मिमी स्टील केस, सफायर काच, २४ ज्वेलचं जपानी ऑटोमॅटिक मशीन, ५ बारपर्यंत पाण्याचा दाब सोसणारी डबी, हे सगळं तुम्ही वाचलेलंच असणार. पावणेदोन लाख मोजायचे ते डायलसाठी. ती दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पत्र्यातून कापलेली आहे.

त्यात विमान किती, ते आधी बघू. डायलचा व्यास ३० मिमी, जाडी ०.४ मिमी. मधलं भोक आणि तारखेची खिडकी वजा केली की वजन भरतं पाऊण ग्रॅम. भंगारात ॲल्युमिनियम किलोला दोनशे धरलं तर पंधरा पैशांचा माल. असू दे, भाव इतिहासाचा असतो. आणि हा पत्रा बाजारात येतो कुठून, तर पडलेलं विमान पुन्हा उडवण्याजोगं करताना जुना पत्रा बहुतेक बदलावाच लागतो. उतरवलेला मग घड्याळात नाहीतर किल्लीच्या छल्ल्यात जातो.

मशीनबद्दल थोडक्यात. एकाच दिशेने चावी भरतं, त्यामुळे मनगट उलटं झटकलं की रोटर (चावी भरणारं आतलं फिरतं वजन) मोकळा फिरल्याची घरघर येते. शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू जाते. वेळ मात्र नोव्हेंबर ते मे रोज ६ ते ८ सेकंद पुढे, म्हणजे या मशीनकडून अपेक्षेपेक्षा चांगली. ४२ तासांचा साठाही खरा निघाला.

आता ठिपका. आधी वाटलं बुरशी. इकडे जुलैत चामड्याच्या चपलेला, कॅमेऱ्याच्या लेन्सला, कशालाही ती येते. पण १० पट भिंगाखाली तंतू दिसले नाहीत, कोरडी भुकटी दिसली. हा ॲल्युमिनियमचा गंज. शिवाय तो डायलच्या मैदानात कुठेच नाही, फक्त कापलेल्या कडांवर. सगळा मुद्दा इथेच आहे.

स्पिटफायरचा पत्रा साध्या ॲल्युमिनियमचा नाही, ड्युरॅल्युमिनचा. त्यात सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम, मँगनीज. तांब्यामुळे ताकद येते आणि तांब्यामुळेच तो लवकर गंजतो. म्हणून दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवतात. त्याला अल्क्लॅड म्हणतात. थर शाबूत तोवर पत्रा टिकतो. तो कापला की कडेला आतला तांब्याचा मिश्रधातू उघडा पडतो. इथे पुढच्या अंगाचा जुना हिरवा रंग जपायचा म्हणून पत्रा मागून घासून पातळ केलाय, म्हणजे पाठीचा थर संपूर्ण गेला. ॲल्युमिनियमला डायलचे पाय डाख लावून बसत नाहीत, म्हणून ही चकती पितळी तबकडीवर चिकटवलेली आहे. उघडं ड्युरॅल्युमिन, खाली पितळ, मध्ये ओल: हा सेलच झाला की! पितळ शाबूत राहतं, ॲल्युमिनियम झिजतं.

कंपनीचं उत्तर आलं, 'ही नैसर्गिक पॅटिना (काळाने धातूवर येणारी जुनेपणाची खूण) आहे, वॉरंटीत बसत नाही.' युद्धात आलेला डाग पॅटिना, मान्य. यंदाच्या जुलैत आलेला डाग पॅटिना कसा? बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला आज विमानांचे सुटे भाग बनतात. तिथल्या कुठल्याही पोराला विचारा, कापलेली कड लेप दिल्याशिवाय सोडतात का. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी १९४२ ची, रॉयल एअर फोर्सने बांधलेली. त्या काळचा पत्रा या हवेत कसा वागतो हे तेव्हाही ठाऊक होतं. कडेला क्लिअर लॅकरचा एक हात दिला असता तर काय बिघडलं असतं?

इथवर लिहून झाल्यावर गॅस्केटला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला, शिव्या घालणार होतो. पण दाबाची चाचणी केली तर ५ बारला डबी घट्ट, कुठेच गळती नाही. मग ओल आली कुठून? शनिवार-रविवार घड्याळ कपाटात, ४२ तास संपले की बंद, सोमवारी सकाळी बाजूची चावी बाहेर ओढून वेळ-तारीख लावणं. चावी ओढली की रबरी रिंगची पकड सैल होते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते, रात्री गारव्याने तीच डायलवर बसते. म्हणजे निम्मा दोष वापरण्याचा. ठिपक्यासाठी कापलेल्या गुणांतला अर्धा तारा परत देतो. लॅकरचा राग तसाच आहे.

दुरुस्ती गावातच झाली, १,८०० रुपयांत. काटे आणि डायल काढून मऊ कोरड्या ब्रशने भुकटी झाडली. पाणी नाही आणि अल्कोहोलही नाही, कारण जुना हिरवा रंग अल्कोहोलने सुटू शकतो. मग कडेपुरतं लॅकर, नवी रिंग, आणि झाकण लावण्याआधी डबी रात्रभर सिलिका जेलमध्ये. झाकण उघडलं की वॉरंटी जाते. पण जी डायलला लागूच नाही ती गेली तर काय गेलं? त्यानंतर चार आठवडे झाले, ठिपका वाढलेला नाही.

घेणार असाल तर विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: कडेला लेप आहे का, आणि चकती कशावर चिकटवलीय. विमानाचा नंबर छापलेल्या प्रमाणपत्रात यातलं काही नसतं. जूनपासून चावी बाहेर ओढणं टाळा. घड्याळ बंद पडू देऊ नका. घरी असलं तरी चावी आत असतानाच रोज २०-२५ फेरे फिरवा. तारीख लावावीच लागली तर दुपारी, ऊन पडलेलं बघून. रात्री ९ ते पहाटे ३ मध्ये नको, दाते अडकतात. जांबोटी-कणकुंबीसारख्या धो धो पावसाच्या भागातले असाल तर पावसाळाभर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि हाताला बॅटरीचं घड्याळ बांधा.

सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत निळे होतात. त्यात कोबाल्ट असतं, तेव्हा तवा भाकरीचा घेऊ नका.