सायकल चोरीला गेली, आता कुठली घ्यायची? गियरवाली, घडीची की साधी काळी

पुढचं चाक तेवढं राहिलं होतं. रायबंदरच्या धक्क्याजवळ रेलिंगला केबल लॉकने बांधलेलं, कुलूप शाबूत, चावी माझ्या खिशात, आणि चाकाच्या मागे सायकलच नाही. क्विक रिलीजची दांडी ओढून चाक सोडवायला मला स्वतःला अर्धं मिनिट लागायचं नाही, चोराला तरी का लागावं. मी जरा वेळ त्या चाकाकडे बघत उभा राहिलो आणि मग शहाण्यासारखं कुलूप उघडून चाक काढलं आणि बसने ऑफिसला गेलो, चाक मांडीवर घेऊन. कंडक्टरने तिकीट एकाचंच फाडलं, तेवढंच समाधान.

मी राहतो गोव्यात चोडण बेटावर, फेरीबोटीच्या धक्क्यापासून चालत पाच मिनिटांवर, आणि ऑफिस पणजीत पाटोला. सकाळच्या गर्दीत फेरीत सायकल घुसवायचा कंटाळा म्हणून सायकल रात्रभर रायबंदरच्या बाजूलाच ठेवायचो. त्यामुळे ती गेली ह्याचं नवल नाही, तीन वर्षं गेली नाही ह्याचं नवल आहे. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो फ्रेम नंबर, आणि तो माझ्याकडे नव्हता. तुमची सायकल अजून जागेवर असेल तर हे वाचणं थांबवा, तिला उलटी करा, पायडलचा आस जिथे बसतो त्याच्या खालच्या बाजूला बहुतेक नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढा आणि मग पुढे वाचा.

आता मुद्द्याचं. माझ्यासमोर तीन पर्याय होते. गियरवाली हायब्रिड, म्हणजे गेली तशीच दुसरी. घडीची, म्हणजे फोल्डिंग, जी बरोबर घेऊन फिरता येते. आणि साधी काळी, अठ्ठावीस इंची, आजोबांची असायची ती. चाकं, गियर, वजन वगैरे आकडे कंपन्या छापतातच, ते इथे परत लिहीत नाही, आणि मी काही मोजमाप केलेलं नाही, जे अंगावर आलं ते सांगतोय. तुमचा रस्ता वेगळा असेल तर उत्तर वेगळं येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

गियरवालीपासून सुरुवात करतो कारण तिच्यावर तीन वर्षं काढलीत. माणूस तिच्यावर बसला की आपोआप जरा तरुण होतो हे मान्य. डिस्क ब्रेक पावसात खरंच लागतात. हवा स्कूटरसारखीच भरायची, कुठल्याही पेट्रोल पंपावर. आणि चढ असेल तर दुसरा विचारच करू नका, पर्वरीला राहून रोज मांडवी पुलावरून घरी चढायचं असेल किंवा ऑफिस आल्तिनोच्या टेकडीवर असेल तर गियर हवेतच, माझं पुढचं सगळं लिखाण तुमच्यासाठी नाही. (नव्या उंच अटल सेतूवर दुचाकीला तसाही मज्जाव आहे, जुन्याच पुलांवरून जावं लागतं.)

पण माझा रस्ता म्हणजे रायबंदरचा बांध. पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला, साधारण ३.२ किलोमीटर, एकदम सपाट, पणजीकडे जाताना डावीकडे मिठागरं आणि खारफुटी, उजवीकडे मांडवी. चढ नाही, उतार नाही, फक्त वारा, जो पावसाळ्यात पणजीकडे जाताना बरोबर तोंडावर येतो. तिथे एकवीस गियरांपैकी मी मोजून दोन वापरले. उरलेल्या एकोणीसांची मात्र सेवा करत होतो, कारण ह्या खाऱ्या हवेत गियरची केबल आतून गंजते, मग गियर बदलायला गेलं की दोन सेकंद काहीच होत नाही आणि नंतर एकदम दोन गियर पडतात, मागे ते छोटे दातेरी चाक असतं त्यात वाळू जाते, स्प्रिंग आळसावते. फ्रेम अॅल्युमिनियमची, तिला काही होत नाही, पण तिच्यावर लटकवलेलं जे काही आहे ते सगळं गंजतं. शिवाय मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरियर नाही, बेल नाही, सगळं वेगळं घ्या आणि वेगळं काढूनही ठेवा कारण तेही चोरीला जातं. माझ्या सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत लाल मातीचा एक पट्टा आहे, धुवून फिका झालाय, गेलेला नाही.

तरीही मी पुन्हा तीच घेणार होतो. एक चाक तयारच होतं ना.

तेवढ्यात ऑफिसातल्या एका मित्राने त्याची घडीची सायकल दिली, वापरून बघ म्हणाला, नाहीतरी घरी पलंगाखाली पडलीय. जुलैमधे तीन आठवडे वापरली. आणि खरं सांगतो, पहिले चार दिवस उघडीप होती तेव्हा मी तिच्या प्रेमातच पडलो होतो. फेरीत कितीही गर्दी असो, दोन स्कूटरच्या मधे पायाशी उभी. ऑफिसात टेबलाखाली. घरी दाराआड. चोरी हा विषयच संपला, कारण ती कधी नजरेआडच होत नाही. वीस इंची चाकांना खड्डा जरा मोठा वाटतो, आणि फेरीच्या उताराच्या फळीवर शेवाळ असलं की जपून, पण बांधावर ती मस्त पळते. ऑफिसातल्या प्रत्येकाने एकदा तिची घडी घालून बघितली, साहेबांनी दोनदा.

पाचव्या दिवशी पाऊस लागला तो लागलाच. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधेच ओततो, हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण सायकल घेताना ते कुणाच्या डोक्यात नसतं. ओल्या सायकलची घडी घातली की काय होतं हे मला तोवर कुठल्याच जाहिरातीत दिसलं नव्हतं. दोन्ही चाकं एकमेकांना येऊन चिकटतात, मडगार्डच्या आत साचलेला चिखल चेनवर पडतो, चेनचं तेल त्याच्यात मिसळतं, आणि हे सगळं लाल-काळं पाणी पाऊण तास ठिबकत राहतं. कुठे? तर माझ्या टेबलाखाली, माझ्याच चपलांवर. पहिल्या दिवशी झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनी काही न बोलता पुसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "हें कितें बाब, म्हस हाडल्या?" म्हैस बांधावी तसंच दिसत होतं ते, खोटं कशाला बोला.

मग मी जुने पेपर आणायला लागलो. मग गोणपाट. मग एक प्लास्टिकचा ट्रे, कोंबड्यांना पाणी ठेवतात तसला. रोज संध्याकाळी निघताना तो ट्रे मोरीत नेऊन ओतायचा, धुवायचा, आणि घरी जाऊन तोच कार्यक्रम दाराआड, तिथे फक्त मावशींच्या जागी आई. खालच्या खणातली एक फाईल भिजली, तिच्या कडा अजून लाल आहेत. आणि घडी घातल्यावर ती ढकलता येत नाही, उचलूनच न्यावी लागते, निदान ही तरी, त्यामुळे उजव्या पँटवर गुडघ्याच्या बाजूला दातेरी चाकाचा छाप, अगदी रबर स्टँपसारखा. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की चोरीची काळजी गेली खरी पण तिच्या जागी मी दिवसातून चार वेळा सायकल पुसतोय. ज्यांचं ऑफिस तळमजल्यावर आहे, बाहेर पडवी आहे, किंवा जे पावसाळ्यात सायकल काढतच नाहीत त्यांना ही अडचण येणार नाही, त्यांनी खुशाल घ्यावी, वस्तू चांगली आहे. मला मात्र तो ट्रे बघितला की अजून कसंतरी होतं.

आता साधी काळी. ही माझ्या डोक्यात आली ती पोदेरामुळे, म्हणजे आमच्या पाववाल्यामुळे. आमच्या वाड्यावर पोदेर सायकलवरूनच येतो, पोंक पोंक करत, मागे कॅरियरवर पावाची भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. भर पावसात सायकल रस्त्याच्या कडेला लावतो, टोपलीसकट, कुलूप नाही काही नाही, आणि पाव घेऊन आतल्या घरांना देऊन येतो. मी एकदा म्हटलं, कुलूप तरी लाव, माझी बघ गेली. तो सायकलकडे बघून हसला, "ही कोण व्हरतलो?" म्हणजे ही कोण नेणार? गोव्यात रोज, बारा महिने, ओझं घेऊन सायकल चालवणारा तो एकटा माणूस मला माहीत आहे, आणि त्याने गियर घेतलेले नाहीत की घडीही घेतलेली नाही. हा काही पुरावा नव्हे, पण मला पटलं.

मग म्हापशाला सायकल दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडून जुनीच घेतली. मला अॅटलास हवी होती, लहानपणची आठवण म्हणून, नवी मिळणं आता कठीण, त्यांचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिवस. काकांकडे जी होती ती दुसऱ्या कंपनीची, ३,८०० रुपयांना, टायर-ट्यूब नवीन घालून. रॉडचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, पत्र्याचे मडगार्ड, मागच्या मडगार्डला रबरी पट्टी, दणकट कॅरियर, डबल स्टँड, मागच्या चाकाला तिथल्या तिथे बसवलेलं कुलूप, बेल. म्हणजे गियरवालीला जे जे वेगळं घ्यावं लागलं होतं ते सगळं हिला अंगचंच. शर्टाची पाठ पांढरी राहते. पावसात भिजली तर भिजली, बाहेर उभी राहते, सकाळी सीट पुसली की निघालो. गंज तर हिलाही चढतोच, लोखंडच आहे शेवटी, पण सुटा भाग कुठल्याही गावात मिळतो आणि लावणारा माणूसही.

दोष आहेत, आणि लपवत नाही. ओल्या स्टीलच्या रिमवर रॉड ब्रेक म्हणजे विनंती अर्ज, मंजूर होईपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता, त्यामुळे पावसात मी अर्ज लवकर करतो आणि हळू चालवतो. वजन भरपूर, फेरीच्या उतारावर ढकलताना कळतं. व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, वालट्यूबवाला, पेट्रोल पंपावर हवा भरायला अडॅप्टर लागतो, मी सरळ हातपंप घेतला. तोंडावर वारा असला की बांधावर पोदेराच्या वेगाने जातो, पाटोला पोचायला आधीपेक्षा सातआठ मिनिटं जास्त लागतात, असा अंदाज. बायको म्हणते पोस्टमन दिसतोस.

किंमतीचं म्हणाल तर मी चौकशी केली तेव्हा बरी गियरवाली आणि बरी घडीची दोन्ही पंधरा हजारांच्या पुढेच होत्या, साधी नवी त्याच्या निम्म्यातही बसत होती. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, तेव्हा त्याच्या आधीचा भाव कुणी सांगत असेल तर नीट विचारून घ्या. आणि एक गंमत, भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते, माल ५,००० रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणजे माझी ही गेली तर कायद्याच्या लेखीही ती किरकोळच. त्यामुळे कुलपावर मात्र खर्च केला. केबल लॉक पुन्हा घेणार नाही, ते कटरने दोरीसारखं तुटतं. जाड यू-लॉक घेतलाय आणि तो पुढच्या चाकाला नाही, मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही धरून खांबाला लावतो. गियरवाली घ्यायचीच ठरली तर निदान क्विक रिलीज काढून साधे नट बसवून घ्या, पाना लागतो म्हटल्यावर अर्धे चोर सोडून देत असावेत.

रात्री सायकल आता चोडणलाच असते, फेरीतून घेऊन येतो, तो कंटाळा तेवढा करायचा सोडून दिला. गियरवालीचं ते पुढचं चाक पडवीत खुंटीला टांगलंय, टायर चांगला आहे, कुणी तशीच सायकल घेणार असेल आणि जादा चाक हवं असेल तर देऊन टाकीन. फक्त सध्या त्याच्या तारांवर आईने दोडक्याचा वेल चढवलाय, तेवढा संपू दे.