काळं मशीन की झिगझॅग? मुंबईच्या घरासाठी शिवणयंत्र निवडताना

घरात शिवणयंत्र घ्यायचं ठरलं की मुंबईत आज तीन पर्याय समोर येतात. पहिला, लोखंडी काळं मशीन. ते फक्त सरळ टीप मारतं, पायाने चालतं किंवा बाजूला छोटी मोटर बसवून विजेवर. दुसरा, हँडल धरून उचलता येणारं, सरळ टिपेबरोबर नागमोडी टाकाही मारणारं विजेवरचं झिगझॅग मशीन. तिसरा म्हणजे त्याच झिगझॅगचं बटणं आणि डिस्प्लेवालं कॉम्प्युटराइज्ड रूप. ऑनलाइन मिळणारं बॅटरीवरचं चिमुकलं यंत्र मी यात धरतच नाही. ब्लाऊजच्या खांद्याशी अस्तरासकट चार पदर आले की ते हात टेकतं.

दुकानात गेलात की पहिल्यांदा टाक्यांचा आकडा ऐकवला जातो: अमुक मॉडेलमध्ये इतके टाके, तमुकमध्ये तितके. तो आकडा कानाआड करा आणि गेल्या वर्षभरात शिंप्याकडे काय काय दिलंत ते आठवा. ब्लाऊज, परकर, उशांचे अभ्रे, पडदे, पँटची खालची दुमड एवढीच यादी असेल तर उत्तर एक येतं. मुलांचे टी-शर्ट, लेगिंग, शर्टाची काजं, सुटणाऱ्या कडा हे त्यात असेल तर दुसरं.

सरळ टीप: काळं मशीन अजूनही पुढे

काळ्या मशीनच्या सुईखालच्या पत्र्याला एकच बारीक भोक असतं, जेमतेम सुई जाईल एवढं. त्यामुळे जॉर्जेट, शिफॉन, जुनी मऊ झालेली सुती साडी अशी नाजूक कापडं भोकात ओढली जात नाहीत. झिगझॅगमध्ये सुईला डावी-उजवीकडे जायला जागा हवी म्हणून पत्र्याला आडवी खाच असते. पातळ कापड तिच्यात सुरुवातीलाच गिळलं जातं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. यावर उपाय आहेत. कापडाखाली पातळ कागद घ्यावा आणि शिवून झाल्यावर फाडून टाकावा, पहिल्या दोन-तीन टाक्यांना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवावीत, आणि सुईची जागा बदलता येत असेल तर ती डावीकडे न्यावी, म्हणजे कापडाला निदान एका बाजूने आधार मिळतो. पण हे सगळं लक्षात ठेवून करावं लागतं. काळ्या मशीनवर त्याची गरजच पडत नाही.

जाड कापडाचंही तसंच. जीन्सची दुमड, पिशवीचं कॅनव्हास, गोधडीचे थर यांत काळ्या मशीनचं वजन कामाला येतं. पायाने चालवताना वेगही हवा तितका कमी ठेवता येतो. हलक्या झिगझॅगच्या मोटरला अगदी हळू चालवलं की जाड जागी ती नुसती घुंघुं करते. तिथे पाय पेडलवरून काढून उजवीकडचं चाक हाताने आपल्याकडे फिरवत ते चार टाके पार करावेत. जोर करून पेडल दाबलं तर सुई वाकते.

म्हणून आईचं किंवा सासूबाईंचं काळं मशीन घरात असेल तर नव्याच्या बदल्यात ते दुकानदाराला देऊ नका. एक्स्चेंजमध्ये त्याचे फार पैसे येत नाहीत. त्याला मोटर आणि नवा पट्टा लावून घेणं नव्या झिगझॅगपेक्षा कितीतरी स्वस्तात होतं. पायाने चालवणार असाल तर एक सांगते: पावसाळ्यात चामड्याचा पट्टा दमटपणाने सैल होऊन घसरतो, तेव्हा तो थोडा कापून पुन्हा जोडावा लागतो.

झिगझॅग कशासाठी

झिगझॅगमध्ये सुई वर-खाली तर जातेच, शिवाय दर टाक्याला बाजूला झुलते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत हेलन ब्लँचर्ड या बाईंनी झिगझॅग टाक्याच्या यंत्राचं पेटंट १८७३ मध्येच घेतलं होतं. नागमोडी टाक्यात दोऱ्याला थोडी ढील राहते, म्हणून होजिअरीचं कापड ताणलं की टाकाही त्याच्याबरोबर ताणतो. टी-शर्टच्या गळ्याला सरळ टीप मारून बघा, डोक्यातून घालतानाच कट्कन तुटेल. शिवाय कापडाच्या कडेवरून झिगझॅग फिरवला की धागे सुटत नाहीत. कडा बांधणाऱ्या खऱ्या ओव्हरलॉक मशीनइतकं ते देखणं दिसत नाही, पण घरच्या कुर्त्याला पुरतं. काजं, इलॅस्टिक लावणं, बटण टाकणं, ठिगळ लावणं ही सगळी कामं त्याच एका झुलत्या सुईवर होतात.

साडीच्या बीडिंगबद्दल मात्र विक्रेते फार रंगवून सांगतात. अरुंद आणि दाट झिगझॅग लावून घरी बीडिंग होतं, नाही असं नाही, पण पिकोच्या दुकानातली मशीनं तेच काम वेगाने आणि एकसारखं करतात. वर्षाला दोन-चार साड्यांच्या फॉल-बीडिंगसाठी झिगझॅग घेत असाल तर घेऊ नका. फॉलची खालची टीप काळ्या मशीनवर होते आणि वरची बाजू तशीही हातशिलाईचीच.

बॉबिन समोरून की वरून

झिगझॅगच घ्यायचं ठरलं तर माझ्या मते खरी निवड इथे असते. ब्रँडपेक्षा ही गोष्ट रोज जाणवते.

बॉबिन म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ. समोरून बॉबिन लागणाऱ्या मशीनमध्ये साहित्याचा डबा बाजूला सरकवून छोटं झाकण उघडायचं, धातूची बॉबिन केस काढायची, तिच्यात बॉबिन घालून दोरा खाचेतून पट्टीखाली ओढायचा आणि केस परत बसवायची. बसताना टक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर केस अर्धवट बसली आहे, आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटण्याची भीती. काळं मशीन वापरलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटते. खालच्या दोऱ्याचा ताण तपासणंही सोपं: केस दोऱ्याने लोंबकळत धरायची, हलका हिसका द्यायचा. ती थोडीशी खाली उतरून थांबली तर ताण ठीक. सरसर घसरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. केसवरचा बारीक स्क्रू एका वेळी अगदी थोडा फिरवायचा.

वरून बॉबिन लागणाऱ्या मशीनमध्ये केस वेगळी काढावीच लागत नाही. सुईच्या पुढ्यात पारदर्शक झाकण असतं, ते सरकवून बॉबिन टाकायची, दोरा दाखवलेल्या खाचेतून घ्यायचा, झालं. दोरा किती उरलाय ते शिवताशिवता दिसतं. पडद्याची लांब टीप मारताना अर्ध्यात बॉबिन संपली हे कळतच नाही आणि नुसती भोकं पडत जातात, तो वैताग इथे वाचतो. तोटा असा की खालच्या दोऱ्याचा ताण बदलायला आतली केस काढावी लागते, आणि नवखा माणूस तिकडे हात घालायला बिचकतो. बॉबिन इथे बहुतेक प्लास्टिकची असते आणि तिची उंची पुस्तिकेत दिलेलीच हवी. काळ्या मशीनच्या लोखंडी बॉबिनी यात चालवू नयेत.

पहिल्यांदाच शिवायला शिकणाऱ्यांना मी वरून बॉबिन लागणारं सुचवेन. दोऱ्याची जाडी सतत बदलत शिवणाऱ्यांना समोरून लागणारं सोयीचं पडेल.

याहून महत्त्वाचं पाहायचं ते टाक्याची लांबी आणि रुंदी या दोन्हींचं नियंत्रण वेगवेगळं आहे का. स्वस्त मॉडेलांत एकच चकती असते आणि प्रत्येक टाका ठरलेल्या मापाचा. टाक्यांचा आकडा तिथे मोठा दिसतो, कारण एकाच सरळ टिपेच्या तीन लांब्या आणि काजाचे चार टप्पे सुटे मोजलेले असतात. कमी टाके चालतील, पण झिगझॅगची रुंदी शून्यापासून ५ मिलिमीटरपर्यंत आपल्या हाताने बदलता आली पाहिजे.

मांडणी आणि दोरा ओवणं

काळ्या मशीनवर हात बसलेल्यांची झिगझॅगवर पहिल्या दिवशी फसगत होते ती सुईपाशी. काळ्या मशीनमध्ये सुई बाजूने ओवतात, झिगझॅगमध्ये समोरून मागे. सुईच्या दांड्याची सपाट बाजू मागे ठेवून ती अगदी वरपर्यंत ढकलायची आणि मग स्क्रू आवळायचा. पातळ कापडाला ७५/११, रोजच्या सुतीला ९०/१४, जीन्सला १००/१६ नंबर घ्यावा. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर टाके गाळले जातात. कारखान्यातल्या मशीनच्या गोल दांड्याच्या सुया घरगुती मशीनला लागत नाहीत. भुलेश्वरला लेस-बटणांबरोबर सुया घेताना हे बघून घ्या.

बॉबिन भरताना काही मशीनमध्ये बॉबिनची दांडी उजवीकडे ढकलली की सुई थांबते, काहींत चाकाचा मधला भाग सैल करावा लागतो. भरून झाल्यावर तो घट्ट करायला विसरलं की मोटर फिरते, सुई हलत नाही, आणि मशीन बिघडलं म्हणून फोनाफोनी सुरू होते.

वरचा दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेलाच हवा. फूट वर असताना ताणाच्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. फूट खाली ठेवून ओवलं तर दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो. मग कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं होतं आणि सगळे खालच्या बॉबिनला दोष देतात. खाली जाळं दिसलं की नव्याण्णव वेळा वरचा दोरा पुन्हा ओवणं हाच उपाय, स्क्रूला हात लावण्याआधी. ओवून झालं की चाक आपल्याकडे फिरवून खालचा दोरा वर काढा आणि दोन्ही टोकं १० ते १५ सेंटिमीटर मागे सोडा.

झिगझॅगला रुंद खाचेचा फूट लागतो. सरळ टिपेचा अरुंद फूट तसाच ठेवून झिगझॅग लावला की सुई त्याच्यावर आदळून तुटते आणि तुकडा कुठेही उडतो. टाक्याची चकती किंवा रुंदी फिरवण्याआधी सुई कापडातून बाहेर आहे ना, ते बघायचंच. वरचा ताण साधारण मधोमध ठेवून टाकाऊ तुकड्यावर एक ओळ काढा. झिगझॅगमध्ये वरच्या दोऱ्याची टोकं खालच्या बाजूला किंचित दिसली तर चांगलं. खालचा दोरा वर डोकावत असेल तर वरचा ताण एक अंक कमी करा.

कॉम्प्युटराइज्ड घ्यावं का

शर्ट शिवणारे असाल तर विचार करा. सगळी काजं एका मापाची येतात, सुई थांबताना वर राहावी की खाली ते ठरवता येतं, आणि पेडल न लावता बटणावर वेग बांधून शिवता येतं. गुडघे दुखणाऱ्यांना हे शेवटचं मोठं सुख आहे. पण आतला सर्किट बोर्ड गेला की गल्लीतला मेकॅनिक काही करू शकत नाही आणि बोर्डाची वाट पाहत बसावं लागतं. साध्या झिगझॅगचा पट्टा, पेडल, बॉबिन केस कुठेही मिळतं. पहिलं मशीन म्हणून मी साधंच घेईन.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेल्या मशीनचा मोह मुंबईत बऱ्याच घरांत असतो. ते १२० व्होल्टचं असतं, आपली वीज २३० व्होल्ट. सरळ प्लग लावला तर मोटर किंवा बोर्ड जळतो. योग्य क्षमतेचा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण तो जड डबा टेबलाखाली कायमचा मुक्कामाला येतो आणि इथली वॉरंटी नसते ती नसतेच.

जागा, आवाज, पावसाळा

वन बीएचकेत स्टँडचं काळं मशीन म्हणजे घरातला एक जास्तीचा सदस्य. वर चादर टाकून त्याचं टेबल होतं हे खरं, पण जागा अडते ती अडतेच. हलकं झिगझॅग काम झालं की कपाटात जातं. आवाजाच्या बाबतीत मात्र पारडं फिरतं. पायाने चालणाऱ्या काळ्याचा खटखटाट एका लयीत असतो, तर विजेवरचं मशीन पोकळ टेबलावर ठेवलं की कंप खालच्या मजल्यापर्यंत जातो. मशीनखाली सतरंजीची जाड घडी घाला, बराच फरक पडतो.

पावसाळ्यात दोघांनाही गंज चढतो. जूनच्या आधी सुईखालचा पत्रा उघडून कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमधला कापसाचा भुसा ब्रशने काढा. दमट हवेत त्याची चक्क वाकळ होते. तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल घातलेली मशीनं मी बघितली आहेत, आतून चिकट होऊन चाक हाताने फिरेना. काळ्याला तेल सढळ हाताने लागतं. समोरून बॉबिन लागणाऱ्याला शटलपाशी, म्हणजे बॉबिन केस बसते त्या फिरत्या भागापाशी, एखादा थेंब. वरून बॉबिन लागणाऱ्या बऱ्याच मशीनना पुस्तिका तेल घालू नका असंच सांगते, तिथे ती म्हणेल ते.

दुकानात जाताना घरचे तीन तुकडे बरोबर न्या: शिफॉन, जुना टी-शर्ट आणि जीन्सची दुमड. डेमोसाठी दुकानदार कडक सुती कापड पुढे करतो, त्यावर कुठलंही मशीन छानच शिवतं. आणि दोरा त्याला ओवू देऊ नका, तुम्ही ओवा.