युद्धकाळातल्या लढाऊ विमानांचे फोटो: वर्तमानपत्राचा प्रिंट की सैनिकाच्या अल्बममधला?

मराठवाड्यातल्या संग्राहकाने सुरुवात १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनपासून करावी, असा माझा आग्रह आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या या तुकडीच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे. तिची स्पिटफायर विमानं १९४० मध्ये इंग्लंडवर लढली, पुढे ब्रह्मदेशात गेली. तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड सगळं त्याच संस्थानात होतं.

फोटो दोन प्रकारचे मिळतात. वर्तमानपत्रांसाठी काढलेला प्रिंट मोठा असतो, साधारण ८×१० इंच. मागे टंकलेला मजकूर चिकटवलेला असतो, कधी सेन्सॉरचा शिक्काही. विमान, जागा, तारीख लगेच कळते. पण एका निगेटिव्हच्या कितीतरी प्रती निघत, आणि सेन्सॉर अनेकदा विमानावरची तुकडीची अक्षरं ब्रशने पुसून टाकी. म्हणजे आपल्याला जे हवं, नेमकं तेच गेलेलं.

सैनिकाचा फोटो तळहाताएवढा, बहुधा ६×९ सेंटिमीटर. चिखलात रुतलेलं चाक, पंखावर बसलेला मेकॅनिक, शेपटीवरचा क्रमांक, सगळं जसंच्या तसं. त्याच्या प्रती मोजक्याच असतात. माहिती मात्र स्वतः खोदून काढावी लागते, आणि अल्बमचं पान फाडून एकेक फोटो विकला असेल तर निम्मा धागा तुटतो. तरी पहिली खरेदी मी याचीच करेन.

अस्सलपणा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एक स्पिटफायर १९४४ ची म्हणून घेतली होती; घरी नोटा तपासायच्या दिव्याखाली धरली तर कागद निळा-पांढरा उजळला. उजळवणारी रसायनं फोटोच्या कागदात आली ती १९५० च्या दशकात. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त लागलं ते महिनाभर तिच्याकडे ब्रह्मदेश म्हणून पाहत बसल्याचं. न उजळणं हा मात्र पुरेसा पुरावा नव्हे. गडद भागात, कडेने चांदीसारखी झाक आहे का, तेही पाहा.

१९७१ च्या युद्धातली आपली नॅट, हंटर ही विमानं असतील तर ही दिव्याची कसोटी चालत नाही. तिथे हवाई दलातून निवृत्त झालेल्या काकांकडे जाऊन बसावं. फोटो मागू नका, स्कॅन मागा. मूळ प्रत त्यांच्या घरीच राहू द्या, आणि ते सांगतील ते लिहून घ्या.

आणि मे महिन्यात हे फोटो पत्र्याच्या कपाटात ठेवू नका. चिकट पानांचा अल्बमही नको.