बाटलीतल्या फेसावर जमीन तपासणारे

ऊस तुटला, खोडवं राखायचं की पीक पालटायचं याचा विचार सुरू झाला, की ही मंडळी बांधावर उगवतात. आमच्याकडे, वाळवा तालुक्यात, दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "काका, माती परीक्षण मोफत आहे."

बशीत चिमूटभर माती घेतली, बाटलीतलं 'पाणी' ओतलं आणि माती फसफसली. "बघा, क्षार कसे उसळतायत. जमीन चोपण, म्हणजे क्षारानं नापीक, झालीय." मग त्याच बशीत त्यांचे काळे दाणे टाकले, पुन्हा तेच पाणी. फेस नाही! कृष्णाकाठी जादा पाण्यानं जमिनी खरंच बिघडल्यात. ती धास्ती त्यांनी अचूक हेरलेली. शंभर टक्के विरघळणारं ह्युमिक (जमीन सुधारणारं सेंद्रिय आम्ल) म्हणून बाराशेला पोतं, एकरी चार. तीन एकरांचे 14,400 रुपये रोख घेऊन गेले.

पावसानंतरही दाणे सरीत जसेच्या तसे. बोटानं चुरले तर आत पिवळट माती. ग्लासात टाकले तर रंग सुटला आणि तळाला गाळ बसला.

माती घेऊन प्रयोगशाळेत गेलो. साहेब म्हणाले, बाटलीत सौम्य आम्ल असणार. ते चुनखडीवर पडलं की फेस येतोच, आणि आपल्या बहुतेक काळ्या जमिनीत चुनखडी असतेच. चिमटीतला चुना पहिल्या ओतण्यातच संपला, म्हणून दुसऱ्यांदा फेस नाही. चोपणपणा सोडियममुळे येतो, तो फेसात दिसत नाही. माझ्या मातीचा सामू (पीएच) 8.1 निघाला, चोपण म्हणण्याइतका नाही. खरं दुखणं वेगळंच: सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून येणारा कस, फक्त 0.38 टक्के. पाचट न जाळता कुजवायचं, ताग-धैंचा हे हिरवळीचं पीक फुलोऱ्यात गाडायचं, वर्षानुवर्षं. ते पोत्यात कुठून मिळणार?

तक्रारीला गेलो तर हातात फक्त 'भूसुधारक' लिहिलेली चिठ्ठी. खत नियंत्रण आदेश 1985 प्रमाणे खत विकायला परवाना लागतो, पोत्यावर उत्पादक आणि घटक छापावे लागतात. यांच्या पोत्यावर 'खत' हा शब्दच नव्हता. पळवाट आधीच आखलेली, फोनही आता बंद.

नमुना स्वतःच काढा. खत टाकल्यावर लगेच नको. रानात आठ-दहा जागी वीतभर खोल, व्हीसारखा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी मिसळून अर्धा किलो ठेवायची. आमच्या गोठ्यात दोन पोती उरलीत. कुणाला दाणे बघायचे असतील तर खुशाल या.